जुना थिंकपॅड घ्यायचाय: टी४८० की एक्स२३०? आणि चाहते एवढे जीव टाकतात ते नेमकं कशावर?

रातकिडा

नमस्कार मंडळी,

थिंकपॅड लॅपटॉपच्या चाहत्यांचं थोडं वाचायला घेतलं आणि त्यातच गुंतून पडलो. बारा-चौदा वर्षांपूर्वीचे लॅपटॉप लोक अजून खोलतात, त्यातला कीबोर्ड काढून मुद्दाम त्याहून जुना बसवतात, कंपनीचा बायॉस (यंत्र सुरू करणारी मूळ प्रणाली) पुसून कोअरबूट हा खुला पर्याय घालतात, कीबोर्डमधल्या लाल बिंदूवरच्या रबरी टोपीचे प्रकार जमवतात. विंडोजवर चालणाऱ्या दुसऱ्या कुठल्या लॅपटॉपभोवती इतकी माणसं इतक्या चिकाटीने जमलेली दिसत नाहीत. या प्रेमामागे हाताला लागेल असं काय आहे, ते जाणकारांकडून समजून घ्यायचंय.

दुसरं म्हणजे, एक घ्यायचाच आहे. टी४८० आणि एक्स२३० या दोघांवर येऊन थांबलोय. काम साधं: दिवसभर मराठी टायपिंग (इनस्क्रिप्ट), लिब्रेऑफिस, ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब, थोडं पायथन. लिनक्स वापरेन, पण घरच्यांसाठी विंडोज ११ सुद्धा लागेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात कंपन्यांतून निघालेला माल भरपूर दिसतो. दुकानात उभ्या उभ्या काय तपासायचं आणि खोलताना काय मोडतं, तेही सांगा.

---

सातओळी

प्रेमाचं आधी सांगतो, कारण यंत्र निवडताना तेच उपयोगी पडेल.

थिंकपॅड आयबीएमने १९९२ मध्ये आणला. काळ्या चौकोनी पेटीचं रूप रिचर्ड सॅपर या जर्मन डिझायनरचं, जपानी जेवणाच्या डब्यावरून सुचलेलं: बाहेरून साधी बंद पेटी, आत काय आहे ते उघडल्यावरच कळावं. जी, एच आणि बी या कळांच्या मधला लाल बिंदू, म्हणजे ट्रॅकपॉइंट, टेड सेल्करच्या संशोधनातून आला. हात कळांवरून उचलून माउसकडे नेण्यात जाणारा वेळ वाचवायचा, एवढा एकच हेतू. त्या बिंदूच्या लाल रंगाला आयबीएमच्याच सुरक्षा विभागाने हरकत घेतली होती, कारण त्यांच्या नियमात लाल रंग आणीबाणीत वीज तोडण्याच्या बटणासाठी राखीव होता. डिझाइनवाल्यांनी कागदोपत्री त्याला 'मजेंटा' म्हटलं आणि बिंदू लालच राहिला.

पण तीसहून जास्त वर्षं माणसं टिकली ती रूपामुळे नव्हे. माझ्या मते खरं कारण आहे हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल. कंपनी प्रत्येक मॉडेलचं दुरुस्तीपुस्तक सगळ्यांसाठी मोफत खुलं ठेवते. कुठला भाग काढण्याआधी कुठला काढायचा, कुठल्या जागी किती लांबीचा स्क्रू, तो किती घट्ट करायचा, सगळं त्यात असतं. प्रत्येक सुट्या भागाचा एफआरयू क्रमांक (कंपनीने त्या भागाला दिलेला) जुन्या पुस्तकांतच आहे, नव्या मॉडेलांचा कंपनीच्या साइटवर सापडतो. तो क्रमांक हातात असला की जगातल्या कुठल्याही दुकानातून नेमका तोच भाग मागवता येतो. टी४८०चं पुस्तक आजच उतरवून ठेवा आणि खरेदीला जाण्याआधी चाळा.

दुसरं कारण, हे चाहते कंपनीला धरून नाहीत, यंत्राला धरून आहेत. २००५ मध्ये आयबीएमने हा धंदा लेनोव्होला विकला तेव्हा ते घाबरले, पण यंत्रं चांगली निघाली म्हणून राहिले. २०१३ मध्ये टी४४० आणि त्याच्या भावंडांतून ट्रॅकपॉइंटची तीन वेगळी बटणं काढून टाकली, तेव्हा त्यांनी जोरदार विरोध केला. पुढच्याच पिढीत, टी४५० मध्ये, बटणं परत आली. त्यानंतर लोकांनी टी४५०चा टचपॅड टी४४०पी मध्ये बसतो हे शोधून काढलं आणि आज टी४४०पी विकत घेणारा माणूस बहुतेक वेळा पहिलं काम तेच करतो. २०१७ मध्ये पंचविसाव्या वर्षानिमित्त जी खास आवृत्ती निघाली, तिच्यात जुना सात ओळींचा कीबोर्ड परत आणला होता. त्याआधी कंपनीने चाहत्यांना सविस्तर प्रश्नावल्या देऊन त्यांना काय हवंय ते विचारलं होतं.

आणि जिथे कंपनी थांबली तिथे लोकांनी स्वतः मदरबोर्ड बनवले. चीनमधल्या ५१एनबी या मंडळींनी एक्स६०/एक्स६१च्या पेटीत बसणारा पाचव्या पिढीच्या इंटेलचा बोर्ड काढला (एक्स६२), मग एक्स२००/एक्स२०१च्या पेटीसाठी आठव्या पिढीचा (एक्स२१०). पेटी, बिजागऱ्या, कीबोर्ड जुने आणि आतला बोर्ड नवा.

यातून तुमच्यासाठी निघणारी गोष्ट अशी: नुसतं झाकणावर थिंकपॅड लिहिलंय म्हणून घेऊ नका. रॅम सोल्डर केलेली, बॅटरी आत बंद, अशी मॉडेलंही याच नावाने विकली जातात. टी४८० आणि टी४८०एस यांच्यात एका अक्षराचा फरक दिसतो, पण टी४८० मध्ये रॅमच्या दोन खाचा आहेत, टी४८०एस मध्ये एक खाच आणि बाकी रॅम बोर्डावर पक्की. टी४९० मध्येही तेच.

---

पेचकस

रोजच्या कामासाठी टी४८०. त्यात वाद नाही. एक्स२३० इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरचा आहे, विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही. टी४८० बहुतेक आठव्या पिढीचा (आय५-८२५०यू, ८३५०यू वगैरे), तसा असेल तर विंडोज ११च्या यादीत बसतो. सातव्या पिढीचा टी४७० दिसायला जुळा भाऊ, पण यादीबाहेर. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपल्यामुळे टी४७० बाजारात भरपूर आला आहे. दुकानदाराने "सेमच आहे साहेब" म्हटलं तरी खालच्या पट्टीवरचा मशीन टाइप वाचा. २०एल५ किंवा २०एल६ असेल तर टी४८०. २०एल७ किंवा २०एल८ म्हणजे टी४८०एस.

दुकानातली तपासणी. हे सगळं करायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ मागून घ्या.

यंत्र सुरू करताना लोगो दिसला की एंटर, मग एफ१ दाबून बायॉसमध्ये जा. पासवर्ड मागितला तर तिथेच परत द्या. सुपरवायझर पासवर्ड सीमॉस सेल काढून जात नाही, तो वेगळ्या कायम स्मृतीत असतो. "आम्ही काढून देऊ" याचा अर्थ कुणीतरी चिपमध्ये हात घालणार. आत गेल्यावर मुख्य पानावरचा सीरियल क्रमांक खालच्या पट्टीवरच्या क्रमांकाशी जुळतो का बघा. जुळत नसेल तर बोर्ड किंवा तळ बदललेला आहे. मग सिक्युरिटीमध्ये कॉम्प्युट्रेस (मालकाला यंत्रावर दुरून पाळत ठेवू देणारी सोय) 'अॅक्टिव्हेटेड' आहे का पाहा. तसं असेल तर यंत्र अजून आधीच्या मालकाच्या पाळतीत आहे, घेऊ नका.

कंपन्यांच्या मालात सगळ्यात जास्त फसवणूक होते ती ऑटोपायलटमुळे. कंपनीने यंत्राची नोंद मायक्रोसॉफ्टकडे केलेली असते आणि विकताना ती काढलेली नसते. दुकानात विंडोज व्यवस्थित चालतं, कारण ते इंटरनेटशिवाय टाकलेलं असतं. घरी नव्याने विंडोज टाकलं आणि वायफाय जोडलं की एखाद्या कंपनीचं नाव घेऊन लॉगिनचा पडदा उभा राहतो. ही नोंद हार्डवेअरच्या ओळखीवर असते, डिस्क बदलून जात नाही. म्हणून विंडोज पहिल्यांदा सेट होतं त्या अवस्थेत आणायला लावा, मोबाइलचं हॉटस्पॉट जोडा आणि पुढचा पडदा बघा. साधं खातं विचारलं तर ठीक.

स्क्रीन बघा. कंपन्यांनी स्वस्तातला १३६६ बाय ७६८चा टीएन पडदा असलेले टी४८० ढिगाने घेतले होते. समोरून बरा दिसतो, जरा वरून-खालून पाहिलं की रंग उलटे होतात. देवनागरीच्या मात्रा-वेलांट्या दिवसभर वाचायच्या तर १९२० बाय १०८०चा आयपीएस पडदा (कुठूनही सारखाच दिसणारा) हवाच.

यूएसबी-सी. टी४७० ला चार्जिंगचा वेगळा आयताकृती पोर्टही होता, टी४८० मध्ये तो काढून टाकला. आता चार्जिंग फक्त दोन यूएसबी-सी पोर्टांतून आणि दोन्ही थेट मदरबोर्डावर सोल्डर केलेले. वर्षानुवर्षं वायर ओढली गेली की सोल्डर सुटतं. दोन्ही पोर्टांत चार्जर लावून पाहा, वायर हलकेच वर-खाली करा, चार्जिंग तुटता कामा नये. चार्जर ६५ वॅटचा घ्या.

कीबोर्ड: आयात मालात युरोपी मांडणीचे कीबोर्ड येतात. एंटर उलट्या एलसारखी उभी असेल तर ती मांडणी. तुम्ही इनस्क्रिप्टवाले, म्हणून मुद्दाम सांगतो: ॉ आणि ऑ ज्या बॅकस्लॅशच्या कळीवर आहेत ती अशा कीबोर्डवर एंटरच्या वर नसून डावीकडे, मधल्या ओळीत येते. 'कॉलेज', 'डॉक्टर' लिहिताना प्रत्येक वेळी बोट चुकेल. आडवी एंटर असलेलाच घ्या.

शेवटी बॅटरी. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, जागा, तिरकी रेघ, बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport). जी फाइल तयार होईल तिच्यात दोन बॅटऱ्या दिसल्या पाहिजेत, एक आतली २४ वॉट-तास आणि एक बाहेरची. 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' शेजारी शेजारी असतात. निम्म्याच्या खाली गेली असेल तर नवीन बॅटरीचे पैसे किमतीतून वळते करायला सांगा.

---

रातकिडा

पेचकसराव, मशीन टाइप आणि ऑटोपायलट या दोन गोष्टींनीच माझे पैसे वाचणार असं दिसतंय. टी४८० पक्का. पण मग एक्स२३०वर लोक एवढे का लट्टू आहेत? जुना कीबोर्ड बसवणं नेमकं कसं करतात? दुसरं यंत्र म्हणून, शिकायला, तो घेतला तर?

---

कोरीचिप

शिकायला एक्स२३० उत्तम. क्रम मात्र चुकवू नका, कारण इथे एक पायरी पुढे-मागे झाली की परतीची वाट लांबची होते.

पार्श्वभूमी: २०११चे एक्स२२०, टी४२०, टी५२० हे सात ओळींच्या जुन्या कीबोर्डचे शेवटचे. २०१२ला एक्स२३०, टी४३० आले, त्यात सहा ओळींचा सपाट कळांचा कीबोर्ड. पण पेटी जवळजवळ तीच राहिली आणि जोडणीचा कनेक्टरही तोच. म्हणून जुना कीबोर्ड नव्यात जातो. तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर, यूएसबी ३.० आणि वर जुना कीबोर्ड, असं यंत्र कंपनीने कधी विकलंच नाही. ते लोक घरी बनवतात.

अडचणी तीन.

पहिली, कीबोर्डच्या पुढच्या कडेला ज्या पट्ट्या आहेत त्या एक्स२३०च्या तळहाताच्या पट्टीत अडकतात. कानसीने थोड्या घासाव्या लागतात. घासताना कीबोर्ड उलटा धरा आणि कनेक्टरवर टेप लावा, धातूचा चुरा कळांखाली गेला तर तो कीबोर्ड गेला.

दुसरी विजेची. नव्या कीबोर्डमध्ये कळांखाली दिवा आहे, त्याच्या विजेचे पिन कनेक्टरमध्ये आहेत. जुन्यात दिवा नाही आणि त्या जागचे पिन वेगळ्या कामाचे आहेत. ते उघडे राहिले तर शॉर्ट होऊ शकतो. कॅप्टॉन टेपची (वीज अडवणाऱ्या पातळ टेपची) बारीक पट्टी लावून नेमके तेवढे पिन झाकायचे. कुठले ते चाहत्यांच्या थिंकविकी या साइटवर चित्रासह आहे. चित्र समोर ठेवूनच करा, अंदाजाने नको.

तिसरी, एम्बेडेड कंट्रोलरची (ईसी, म्हणजे कीबोर्ड आणि बॅटरी सांभाळणारी छोटी चिप). कीबोर्ड लागतो, अक्षरं उमटतात, पण डिलीट, होम, एंड, पेज-अप आणि एफएनच्या जोड्या भलतंच करतात, कारण कंट्रोलरला नवी मांडणीच ठाऊक आहे. त्यासाठी 'थिंकपॅड-ईसी' नावाचा खुला प्रकल्प आहे. तो लेनोव्होचंच बायॉस अपडेट घेऊन त्यातल्या ईसीच्या भागात दुरुस्ती करतो आणि बूट होणारी प्रतिमा बनवून देतो. पेनड्राइव्हवर टाका, बॅटरी भरलेली आणि चार्जर जोडलेला ठेवा, चालवा. हाच प्रकल्प बॅटरीची अडवणूकही काढू शकतो: एक्स२३०च्या पिढीपासून परक्या बॅटरीला 'या यंत्रात चालत नाही, चार्ज होणार नाही' असा संदेश येतो, तो थांबतो आणि एक्स२२०ची बॅटरीसुद्धा चालते.

आता क्रम. यंत्र हाती आलं की बायॉस अद्ययावत करण्याचा मोह आवरा. नंतरच्या बायॉस आवृत्त्या दुरुस्त केलेला ईसी स्वीकारत नाहीत. आधी आवृत्ती वाचा, प्रकल्पाच्या पानावरच्या मर्यादेशी ताडा. मग ईसी. कोअरबूट घालायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी. कोअरबूट ईसीला हात लावत नाही, आणि ईसी बदलणारं साधन लेनोव्होच्या मूळ बायॉसवरच चालतं. कोअरबूट घालून बसलात आणि नंतर कीबोर्ड बदलायचं मनात आलं, की पुन्हा बायॉसच्या चिपला क्लिप लावून मूळ बायॉस परत टाकणं आलं.

कोअरबूटशिवाय नुसतं वायफाय कार्ड बदलायचं असेल तर वेगळा मार्ग आहे. एक्स२३०चा बायॉस फक्त ठरावीक कार्डं मान्य करतो, दुसरं लावलं की '१८०२' असा आकडा दाखवून जागीच थांबतो. टी४३०/एक्स२३० साठी 'आयव्हीरेन' (1vyrain) नावाची प्रतिमा आहे, ती पेनड्राइव्हवरून चालते आणि यादी काढून टाकते. चिपला हात लावावा लागत नाही. तिलाही बायॉस जुना लागतो.

कोअरबूट घालायला चिपवर लिहावं लागतं, त्याबद्दल थोडक्यात. एक्स२३० मध्ये फ्लॅश चिपा दोन, तळहाताच्या पट्टीखाली शेजारी शेजारी. ८ मेगाबाइटची आणि ४ मेगाबाइटची. ४ची स्क्रीनच्या बाजूला. लागतं ते एसओआयसी-८ क्लिप (आठ पायांच्या चिपवर बसणारा चिमटा) आणि सीएच३४१ए प्रोग्रॅमर (चिप वाचणारं-लिहिणारं उपकरण). स्वस्तातला काळा सीएच३४१ए डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट देतो आणि चिप आहे ३.३ व्होल्टची. खूप वेळा तरून जाते, पण त्या भरवशावर राहू नका. व्होल्टेज दुरुस्त केलेला किंवा ३.३ची सोय असलेला घ्या, नाहीतर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरा. बॅटरी आणि चार्जर दोन्ही काढलेले हवेत. आधी वाचा, पुन्हा वाचा, दोन्ही फाइलींचे चेकसम (फाइलीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळले तरच पुढे. न जुळणं म्हणजे जवळजवळ नेहमी क्लिप तिरकी बसलीय. मूळ प्रत दोन ठिकाणी जपून ठेवा. तिच्यात तुमच्या यंत्राचा नेटवर्कचा पत्ता असतो, दुसऱ्याच्या फाइलीने तो भागत नाही.

---

शाईपेन

कोरीचिप यांनी सांगितलेलं अगदी बरोबर, पण रातकिडा, एक्स२३०कडून रोजच्या ब्राउझरच्या कामाची अपेक्षा ठेवू नका एवढं मात्र सांगते. त्याच्या ग्राफिक्सला व्हीपी९ या प्रकारचा व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडता येत नाही. यूट्यूब बरेचदा तेच पाठवतं, मग सगळा भार प्रोसेसरवर, पंखा सतत चालू. ब्राउझरमध्ये एच.२६४ हा जुना प्रकार सक्तीचा करणारं एक्स्टेंशन टाकलं की निम्मं दुखणं जातं. टी४८० व्हीपी९ सहज पेलतो. रॅम एक्स२३० मध्ये १६ जीबीपर्यंत, डीडीआर३. डिस्क ७ मिलिमीटर जाडीचीच, जाड डिस्क आत जात नाही. शिवाय छोट्या एसएसडीसाठी एमसॅटाची एक खाच आहे.

आता टी४८० बद्दल, कारण खरा वापर त्याचाच होणार.

रॅम: डीडीआर४-२४००, दोन खाचा. कागदावर ३२ जीबी, प्रत्यक्षात ६४ चालते. दुकानातून बहुतेक वेळा ८ जीबीची एकच पट्टी लावून मिळतो. दुसरी लगेच लावा. रॅम वाढते हे एक, पण दोन्ही खाचा भरल्या की मेमरीचा वेग दुप्पट रुंदीने मिळतो आणि आतलं ग्राफिक्स त्याच मेमरीवर जगतं. फरक डोळ्यांना दिसतो.

एसएसडी: मुख्य जागा २.५ इंची ड्राइव्हची. एम.२ (पट्टीसारखा एसएसडी) लावायचा तर त्या मापाचा अॅडॅप्टर-ट्रे लागतो, तो लॅपटॉपबरोबरच मागून घ्या, नंतर शोधत फिरावं लागतं. तिथे पीसीआयई ३.०च्या फक्त दोन लेन (डेटाच्या वाटा) येतात, त्यामुळे वेग सेकंदाला दीड-पावणेदोन हजार मेगाबाइटच्या पुढे जात नाही. चौथ्या पिढीच्या महाग एसएसडीवर खर्च करण्यात काही अर्थ नाही. दोन प्रणाली ठेवायच्या तर एक छान सोय आहे: सिमकार्डाच्या मॉडेमसाठी जी खाच आहे तिच्यात २२४२ मापाचा छोटा एनव्हीएमई एसएसडी बसतो. विंडोज एकावर, लिनक्स दुसऱ्यावर, आणि सुरू करताना एफ१२ दाबून निवडायचं. एकाचं अपडेट दुसऱ्याच्या बूटलोडरवर पाय देत नाही.

वायफाय: इथे १८०२ची कटकट नाही. एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या. एएक्स२०१, एएक्स२११ घेऊ नका. आकार तोच, खाचेतही बसतात, पण त्यांचा निम्मा भाग प्रोसेसरच्या आत असावा लागतो आणि टी४८०च्या पिढीत तो नाही. यंत्राला कार्ड दिसतच नाही. अँटेनाच्या दोन तारा काढताना ओढू नका, टोकाखाली नख घालून सरळ वर उचला.

खोलण्याआधी एक पायरी कधीच गाळू नका. बायॉसमध्ये कॉन्फिग, मग पॉवर, मग 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी'. यंत्र बंद होतं आणि आतल्या बॅटरीची जोडणी तुटते. नंतर चार्जर लावला की आपोआप पूर्ववत होते. मागची बॅटरी काढली म्हणजे वीज गेली असं लोकांना वाटतं, पण आतली चालूच असते. तशात स्क्रीनची केबल काढली-लावली की बॅकलाइटचा फ्यूज जातो. मग चित्र आहे पण उजेड नाही, टॉर्च मारल्यावरच दिसतं. बदललेल्या पॅनेलला दोष दिला जातो आणि बिघाड असतो मदरबोर्डावर.

तळाचे स्क्रू बाहेर पडत नाहीत, फक्त ढिले होतात, तेव्हा शोधत बसू नका. पकडी नाजूक आहेत. जुनं एटीएम कार्ड कडेने सरकवत न्या, धातूचं काही घालू नका.

स्क्रीन बदलायची वेळ आली तर पिन मोजा. एचडी (१३६६ बाय ७६८) आणि साधा एफएचडी (१९२० बाय १०८०) ३० पिनचे, तीच केबल चालते. २५६० बाय १४४०चं पॅनेल ४० पिनचं, त्याला केबलही वेगळी घ्यावी लागते. ४०० निटचं (निट म्हणजे उजेडाचं माप) कमी वीज खाणारं १०८०पी पॅनेल हा चाहत्यांचा आवडता बदल आहे आणि तो रास्त आहे: उजेडही वाढतो आणि बॅटरीही जास्त पुरते.

---

पेचकस

शाईपेन यांच्या यादीत दोन गोष्टी माझ्याकडून.

एक, थंडगार करण्याचा भाग. एमएक्स१५० ही वेगळी ग्राफिक्स चिप असलेल्या टी४८०ला दोन तांब्याच्या नळ्यांचा हीटसिंक असतो, साध्याला एका नळीचा. दोन नळ्यांचा साध्यावर बसतो. पंख्यासकट एफआरयू क्रमांक बघून घ्या, चार स्क्रूंवर कोरलेल्या आकड्यांच्या क्रमाने थोडे थोडे घट्ट करा, एकदम एकच पिळू नका. मात्र एमएक्स१५०वाला लॅपटॉप मुद्दाम शोधत बसू नका. तुमच्या कामाला त्याचा उपयोग नाही, उष्णता मात्र मिळेल.

दोन, लिनक्सवर टी४८० ऐंशी अंशांच्या आसपास पोचला की फर्मवेअर प्रोसेसरला आवळतं, विंडोजवर तसं होत नाही. 'थ्रॉटल्ड' नावाची छोटी सेवा त्यासाठीच आहे. पायथनमध्ये लांब गणितं चालवणार असाल तर टाका, नुसतं टायपिंग असेल तर गरज नाही.

---

रातकिडा

बाहेरची बॅटरी कुठली घ्यावी? ६१, ६१+ आणि ६१++ अशी नावं दिसतात. आणि लाल टोपीचं काय? ट्रॅकपॉइंट कधी वापरलेला नाही, बाण आपोआप सरकतो अशी तक्रारही वाचली.

---

सातओळी

६१ म्हणजे २४ वॉट-तास, तळाशी सपाट बसते. ६१+ म्हणजे ४८, ६१++ म्हणजे ७२, या दोन्ही खाली फुगतात आणि कीबोर्डला थोडा उतार देतात. टायपिंगला तो उतार बरा वाटतो. यंत्र आधी बाहेरची बॅटरी वापरतं, ती संपत आली की आतलीवर जातं. त्यामुळे चालू यंत्रातून बाहेरची काढून दुसरी भरलेली लावता येते. लांबच्या रेल्वे प्रवासात हे फार कामाचं. नकली ६१++ खूप आहेत: लेबलवर ७२, आत निम्मं. बॅटरीरिपोर्टमधली डिझाइन कपॅसिटी आणि उत्पादकाचं नाव बघा, नुसतं स्टिकर वाचून पैसे देऊ नका.

बहुतेक वेळ चार्जर लावूनच काम होणार असेल तर भरण्याची मर्यादा घाला. विंडोजमध्ये लेनोव्होच्या व्हँटेज अॅपमध्ये, लिनक्समध्ये टीएलपी या वीज सांभाळणाऱ्या साधनाच्या फाइलीत. सुरुवात ७५, थांबा ८०, दोन्ही बॅटऱ्यांना वेगवेगळी द्यावी लागते. एकीला घातली आणि दुसरी विसरली, असं सर्रास होतं, आणि विसरली जाते ती आतली, जी बदलणं जास्त त्रासाचं.

टोप्यांचे मुख्य प्रकार तीन: खरखरीत पाठीची जुनी, मऊ घुमटाची आणि खोलगट कडेची. लांब वेळ वापरायला कडेची मला सगळ्यात योग्य वाटते, कमी जोर लावून भागतो. उंची मात्र बघा. टी४८०ला बुटकी टोपी लागते. एक्स२३०च्या काळातली उंच टोपी बसवलीत तर झाकण मिटल्यावर ती पडद्यावर टेकते आणि मधोमध ठसा उमटतो, तो जात नाही.

बाण आपोआप सरकणं हा बिघाड नव्हे. खालचा सेन्सर बोटाचा दाब मोजतो. बोट टेकवून तसंच ठेवलं की तो त्या दाबालाच शून्य समजायला लागतो, मग बोट काढल्यावर बाण उलट्या दिशेला घरंगळतो. हात दोन-तीन सेकंद पूर्ण बाजूला ठेवा, तो स्वतःच नवं शून्य धरतो. ढकलून बाण धरून ठेवायची सवय लागते तिथे हे जास्त होतं. हलका दाब, मग सोडा. मधलं बटण दाबून बिंदू वर-खाली केला की पान सरकतं, बोटं कळांवरच राहतात. पहिला आठवडा अवघड जाईल, टचपॅड बायॉसमधून बंद करून ठेवलात तर लवकर हात बसेल.

आणि डाव्या कोपऱ्यातली पहिली कळ कंट्रोल नाही, एफएन आहे. बायॉसमध्ये कीबोर्डच्या पानावर दोघींची अदलाबदल करता येते.

---

कोरीचिप

सगळ्यात महत्त्वाचं राहून गेलंय: टी४८०च्या थंडरबोल्टचं (यूएसबी-सीच्या आकाराच्या वेगवान पोर्टचं) फर्मवेअर. २०१८च्या सुमाराच्या अनेक थिंकपॅडांत हा दोष होता. थंडरबोल्ट कंट्रोलरची स्वतःची छोटी फ्लॅश चिप आहे, जुनं फर्मवेअर तिच्यात नोंदी लिहीत राहतं आणि कालांतराने ती भरते. मग यूएसबी-सीवरून बाहेरचा मॉनिटर दिसेनासा होतो, एचडीएमआय जातो, काहींत चार्जिंगही अडखळतं. लोकांना वाटतं पोर्ट गेला, आणि बोर्ड बदलायला सांगितलं जातं.

लेनोव्होने सुधारित फर्मवेअर दिलेलं आहे. यंत्र घरी आलं की बाकी काही करण्याआधी ते टाका: विंडोजमध्ये व्हँटेजमधून किंवा लेनोव्होच्या साइटवरून टी४८०चं थंडरबोल्ट अपडेट उतरवून. चालू असताना चार्जर काढू नका, झाकण मिटू नका. दुकानात तपासताना एचडीएमआय आणि थंडरबोल्टचा पोर्ट, दोन्हींना मॉनिटर जोडून पाहा. दिसला नाही तर यंत्र सोडून द्या, कारण भरलेली चिप क्लिप लावून पुन्हा लिहावी लागते आणि ते पहिल्या यंत्रावर शिकण्याचं काम नाही.

पुढेमागे टी४८० वर लिब्रेबूट (कोअरबूटवरच बेतलेला पर्याय) घालायचं डोक्यात आलं (डिसेंबर २०२४च्या आवृत्तीपासून तो त्यांच्या यादीत आहे) तरी क्रम हाच: थंडरबोल्टचं अपडेट लेनोव्होच्या बायॉसवर असतानाच उरकून घ्यायचं, नंतर ते साधन चालत नाही.

---

रातकिडा

शनिवारी लॅमिंग्टन रोडला जातोय. बरोबर नेतोय: ६५ वॅटचा यूएसबी-सी चार्जर, एचडीएमआय केबल, यूएसबी-सी ते एचडीएमआयचा अॅडॅप्टर, मोबाइलवर टी४८०चं मॅन्युअल, आणि विंडोज ११चा पेनड्राइव्ह. आणखी काही?

---

पेचकस

लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्हही ठेवा. दुकानदार विंडोजला हात लावू देत नसेल तर त्यावरून बूट करून वायफाय, आवाज, कॅमेरा आणि दोन्ही बॅटऱ्यांची क्षमता पाहता येते. डिस्कवर काही लिहिलं जात नाही, त्यामुळे तो हरकतही घेत नाही. कीबोर्डची प्रत्येक कळ एकेक करून दाबा, विशेषतः बॅकस्लॅश आणि उजवीकडची ऑल्ट. आणि बिलावर सीरियल क्रमांक लिहून घ्या, बायॉसमधला.

---

शाईपेन

यूएसबी-सीचा अॅडॅप्टर दोन्ही पोर्टांत घालून बघा. विजेच्या खुणेचं चित्र असलेला थंडरबोल्टचा आणि दुसरा साधा, दोन्हींतून चित्र यायला हवं. एकातच येत असेल तर कोरीचिप म्हणाले तोच दोष समजा आणि दुसरा नग मागा, लॅमिंग्टन रोडला त्याच दुकानात सहसा बाजूला रचलेले असतात.